ताट मोडावे, वावर मोडू नये

मंडळी, रोहिणी संपून मृग जवळ आला की आपल्या सोनाळ्यात दोन खर्च एकदमच दाराशी येऊन उभे राहतात. एक पेरणीचा आणि दुसरा बारावी झालेल्या मुलाच्या प्रवेशाचा. पऱ्हाटीचं बी, खत, ट्रॅक्टरचं भाडं यांची जुळवाजुळव चाललेली असते, आणि त्याच आठवड्यात पोरगं फॉर्म घेऊन बापापुढे उभं राहतं. फॉर्मवर चार कॉलेजांची नावं असतात. पहिलं नाव पुण्याचं, दुसरं नागपूरचं, आणि अगदी शेवटी, थोड्या नाराजीनंच लिहिलेलं, खामगावचं किंवा अकोल्याचं.

मग बाप शाळेच्या वाटेनं निघतो. शाळा बंद असते, पण गुरुजी घरी असतात. ओट्यावर बसून तो विचारतो, "मास्तर, पोराले पुण्याले धाडू का जवळच ठेवू? पुण्याच्या कॉलेजचं नाव मोठं हाय म्हणते. पण खर्चही मोठाच हाय. वावर गहाण टाकलं त भागते." गुरुजी काय उत्तर देणार? हो म्हणावं तर एका घराचं वावर पणाला लागतं. नाही म्हणावं तर एका मुलाची वाट अडवल्याचं पाप लागतं.

हा प्रश्न आजचा नाही, मंडळी. आपल्या वऱ्हाडात तो दीडशे वर्षांपासून विचारला जात आहे. आपल्याआधी ज्यांच्यापुढे तो उभा राहिला, त्यांनी काय केले ते आज पाहू या.

सुरुवात अकोल्यापासूनच करू. गोपाळ गणेश आगरकर हे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यांचा जन्म १८५६ सालचा, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा. घरची अतिशय गरिबी. शिकण्यासाठी गावोगाव फिरत हा मुलगा अखेर नातेवाइकांच्या आधाराने आपल्या अकोल्याला आला आणि १८७५ मध्ये तेथूनच मॅट्रिक झाला. आता पुढे काय? त्या वेळी साऱ्या वऱ्हाडात एकही कॉलेज नव्हते. नागपुरातसुद्धा नव्हते. तिथले हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये निघाले आणि मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये. म्हणजे आगरकरांपुढे जवळचे की लांबचे हा प्रश्नच नव्हता. शिकायचे तर पुण्याला किंवा मुंबईला जायचे, नाही तर शिक्षण सोडायचे.

ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. ते सरकारी कॉलेज, इमारत भव्य, नाव मोठे. आणि या नामांकित कॉलेजातल्या या विद्यार्थ्याजवळ सदरा एकच होता असे सांगतात. रात्री धुवायचा, वाळत घालायचा आणि सकाळी तोच अंगात घालायचा. शिष्यवृत्ती, निबंधांची बक्षिसे आणि वर्तमानपत्रांतले लेखन यांवर त्यांनी दिवस काढले. १८७८ मध्ये ते बी.ए. झाले आणि पुढे एम.ए.ही झाले.

आता इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. आगरकरांना डेक्कन कॉलेजने काय दिले? पदवी दिली हे खरेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सोबत दिली. बाळ गंगाधर टिळक त्यांना तिथेच भेटले. टेकडीवर फिरताना आणि खोलीत बसून दोघांनी देशाच्या शिक्षणाचा जो विचार केला, त्यातून पुढे महाराष्ट्राचा इतिहास घडला. तेव्हा मोठ्या कॉलेजचे नाव फुकाचे असते असे मी म्हणणार नाही. चांगले शिक्षक, भरलेले ग्रंथालय आणि आपल्यापेक्षा हुशार सोबती ही खरी संपत्ती आहे. ती जिथे मिळते तिथे जावेसे वाटणे यात काही चूक नाही.

परंतु हेच आगरकर शिकून बाहेर पडल्यावर काय करतात? एम.ए. झालेल्या माणसाला त्या काळी सरकारी नोकरीत मोठा पगार मिळत होता. त्यांनी आईला पत्राने कळवले की मी मोठ्या पगाराच्या मागे लागणार नाही, पोटापुरते मिळाले की उरलेला वेळ परहितात घालवीन. २ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले होते. आगरकर त्यांना जाऊन मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. या मंडळींचा हेतू काय होता? शिक्षण सोपे करावे आणि स्वस्त करावे. 'स्वस्त' हा शब्द त्यांच्या उद्दिष्टातलाच आहे बरं का! ज्यांनी एका सदऱ्यावर दिवस काढले, त्यांना शिक्षणाची किंमत ठाऊक होती. म्हणून ही माणसे स्वतः थोड्या पगारावर राबली आणि पोरांची फी कमी ठेवली. आगरकर १८९२ मध्ये त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १८९५ मध्ये, अवघ्या ३८ व्या वर्षी, त्या पदावर असतानाच वारले.

आज फर्ग्युसनचे नाव ऐकले की आपल्याला दबून जायला होते. पण ते कॉलेज निघाले ते गरिबांना परवडावे म्हणून, हे विसरू नका. काल जे परवडणारे म्हणून काढले, तेच चांगल्या शिक्षकांच्या जोरावर आज नामांकित झाले. नाव हे इमारतीला जन्मतः चिकटलेले नसते, मंडळी. ते मागून येते.

आता दुसरे उदाहरण. गोपाळ कृष्ण गोखले, जन्म १८६६. लहानपणीच वडील गेले. थोरले भाऊ गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून नोकरी धरली. पगार महिना १५ रुपये. त्यातले ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणाला पाठवत आणि ७ रुपयांत सारा संसार चालवत. अर्ध्याहून अधिक मिळकत एका मुलाच्या शिक्षणावर! आपल्याकडे आजही अशी घरे आहेत. थोरला वावरात राबतो आणि धाकटा शहरात शिकतो.

पण गोखल्यांचा मार्ग पाहा. ते आधी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. मध्ये काही काळ पुण्याला डेक्कन कॉलेजात होते. शेवटी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जाऊन १८८४ मध्ये बी.ए. झाले. म्हणजे त्या काळातल्या सर्वांत मोठ्या नावाच्या कॉलेजात ते गेले खरे, पण अखेरच्या टप्प्यात गेले, आणि तिथे शिष्यवृत्ती मिळवून राहिले. पायरी पायरीने चढले. आज आपण म्हणतो, 'गोखले एल्फिन्स्टनचे'. कोल्हापूरची आठवण कोणाला होत नाही. पण पाया तिथे भरला होता. आणि पदवी घेतल्यावर तेही कुठे गेले? न्यू इंग्लिश स्कूलमध्ये, ३५ रुपयांवर शिक्षक म्हणून.

आता आपल्या घरी, वऱ्हाडात परत येऊ.

अमरावतीला सरकारी किंग एडवर्ड कॉलेज १९२३ मध्ये सुरू झाले. नागपूर विद्यापीठही त्याच वर्षीचे. त्याआधी वऱ्हाडातल्या मुलाला कॉलेजात जायचे म्हणजे घर सोडायचेच. आगगाडी होती. मुंबईहून येणारा लोहमार्ग १८६७ मध्येच आपल्या मुलखातून नागपूरपर्यंत पोचला होता आणि १८७० मध्ये कापसासाठी खामगावला खास फाटा काढला होता. आपला कापूस मँचेस्टरला जात होता, पण आपली पोरं पुण्याला जाऊ शकत नव्हती. कापसाचे भाडे व्यापारी देत होता. पोराचे भाडे कोण देणार?

अशा काळात अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी १८९८ मध्ये एका शेतकऱ्याच्या घरी पंजाबराव देशमुखांचा जन्म झाला. मॅट्रिक झाल्यावर ते कुठे गेले? फर्ग्युसन कॉलेजात! म्हणजे अकोल्याहून गेलेल्या एका गरीब मुलाने ज्या कॉलेजसाठी आयुष्य वेचले, त्याच कॉलेजात वऱ्हाडातला दुसरा मुलगा शिकायला आला. पुढे १९२० मध्ये पंजाबराव विलायतेला गेले. यासाठी वडील शामरावांना कर्जाचा भार सोसावा लागला, असे त्यांच्या चरित्रातून सांगतात. एडिंबरो येथे त्यांनी शिष्यवृत्ती मिळवली, बॅरिस्टर झाले आणि वेदवाङ्मयातील धर्म या विषयावर प्रबंध लिहून ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेतली. याहून मोठे नाव जगात कोणते आहे?

१९२६ मध्ये ते परत आले. हे ऑक्सफर्डचे डॉक्टर अमरावतीत वकिली करू लागले, आणि त्यांनी पहिल्यांदा हाती घेतलेल्या कामांपैकी एक होते वसतिगृह. श्रद्धानंद छात्रालय. तिथे निरनिराळ्या जातींची खेड्यातली मुले एकत्र राहून शिकली. १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. १९४६ मध्ये अमरावतीला तिचे कॉलेज निघाले आणि १९५२ मध्ये अकोल्याला. मधल्या काळात १९४७ मध्ये खामगावलाही विदर्भ शिक्षण प्रसारक मंडळाचे कॉलेज सुरू झाले होते. ज्याने आपल्या घराला विलायतेचा खर्च सोसायला लावला, त्याने ठरवले की पुढच्या पोरांना तो सोसावा लागू नये. कॉलेजच त्यांच्या गावाजवळ आणावे. गुरुजी, आपण फॉर्मवर शेवटी लिहितो ती अकोल्याची, खामगावची कॉलेजे अशी उभी राहिली आहेत. ती कोणाची दुय्यम सोय म्हणून निघालेली नाहीत.

आता प्रश्न असा की पंजाबरावांनी आधी वसतिगृह का काढले आणि कॉलेज नंतर का काढले? कारण त्यांना हिशेब कळत होता. पोराच्या शिक्षणात कंबर मोडते ती बहुधा फीने नव्हे. ती मोडते खोलीच्या भाड्याने आणि रोजच्या जेवणाने. कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे काढली ती हेच ओळखून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली आणि साताऱ्यात वसतिगृह चालवले. तिथल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही मोडले. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. 'कमवा आणि शिका' ही तिथली रीत. पोरगं सकाळी शेतात राबायचं आणि मग वर्गात बसायचं. त्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची गोष्टही याच वाटेची आहे. १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर ते एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना २५ रुपये दिले म्हणून ते शिक्षण पुरे झाले. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या अटीवर ती मिळाली होती. जगातली मोठमोठी विद्यापीठे पाहिलेल्या या माणसाने पुढे काय काढले? १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांनाही शिकता यावे म्हणून त्याचे वर्ग भल्या सकाळी भरत. आणि १९५० मध्ये औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज काढले. त्यालाच आपण मिलिंद महाविद्यालय म्हणतो. मराठवाड्यातल्या गरीब मुलाला हैदराबाद किंवा मुंबई गाठावी लागू नये म्हणून.

मंडळी, या सर्व उदाहरणांतून दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की यांतले बहुतेक जण मोठ्या नावाच्या ठिकाणी गेले ते शिष्यवृत्तीच्या, बक्षिसाच्या किंवा स्वतःच्या कष्टाच्या बळावर गेले. पंजाबरावांच्या घरी कर्ज झाले हे खरे. पण वऱ्हाडात तेव्हा दुसरी वाटच नव्हती. आज आहे. दुसरी गोष्ट ही की मोठ्या नावाचा लाभ ज्यांना ज्यांना झाला, त्यांनी परत येऊन परवडणारी शाळा आणि कॉलेजेच काढली. ज्यांनी नाव जवळून पाहिले, त्यांनी नावाची पूजा केली नाही.

मग गुरुजींनी त्या ओट्यावर बसलेल्या बापाला काय सांगावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी सांगाव्यात.

एक : एका वर्षाचा हिशेब करू नका, सगळ्या वर्षांचा करा. तीन वर्षांची पदवी असेल तर तीन वर्षांचा, अभियांत्रिकी असेल तर चार वर्षांचा. फी, खोली, जेवण, पुस्तके आणि दिवाळीला घरी येण्याचे भाडे, सगळे कागदावर मांडा. पहिल्या वर्षी कसेबसे जमते. पोरगं अडकतं ते दुसऱ्या वर्षी, जेव्हा पऱ्हाटीवर बोंडअळी पडते आणि भाव पडतो. अर्धवट सुटलेल्या मोठ्या कॉलेजपेक्षा पुरे झालेले लहान कॉलेज केव्हाही मोठे.

दोन : नाव कशाचे आहे ते विचारा. तिथे शिक्षकांच्या जागा भरलेल्या आहेत का? ग्रंथालय उघडे असते का? प्रयोगशाळा चालते का? मागच्या वर्षीची मुले आज काय करतात? आपल्या विभागातली बहुतेक साधी कॉलेजे अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १९८३ मध्ये निघाले. जी कॉलेजे त्याच्या अभ्यासक्रमाने चालतात, त्यांची पदवीही त्याच विद्यापीठाची असते. तेव्हा अकोल्याला राहून जी पदवी मिळते तीच खामगावलाही मिळते. फरक पडतो तो शिकवण्यात आणि शिकण्यात. शेगावला संत गजानन महाराजांच्या नावाचे अभियांत्रिकी कॉलेजही १९८३ सालचेच आहे. एस.टी.च्या पल्ल्यात असलेली गोष्ट आधी डोळ्यांनी पाहून यावी, मग लांबचा विचार करावा.

तीन : सवलतींचे कागद वेळेवर तयार ठेवा. १९५९ च्या सुमारास यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांना फीमाफी दिली. त्याची मर्यादा आधी वर्षाला ९०० रुपये होती, ती लवकरच १२०० रुपये झाली. आपल्या खेड्यांतल्या कितीतरी शिक्षकांचे, तलाठ्यांचे, ग्रामसेवकांचे शिक्षण त्या 'ई.बी.सी.'वर झाले. आजही राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षणशुल्क शिष्यवृत्ती आहे आणि पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. २०२४ पासून, ज्या घरांचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, अशा ठरावीक प्रवर्गांतील मुलींना केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. पण उत्पन्नाचा दाखला, जातवैधता, अधिवास हे कागद जूनमध्ये पळापळ करून मिळत नाहीत. गुरुजी, हे काम तुमचे आहे. मुलगा अकरावीत असतानाच त्याच्या बापाला तहसिलीत पाठवा. एका वेळेवर काढलेल्या दाखल्याने एकराची गहाणवट वाचते.

चार : पोरीचा विचार वेगळा करू नका, पण तिचा हिशेब नीट करा. पुष्कळ घरांत पोरीला लांब धाडत नाहीत आणि जवळ कॉलेज नसले की तिचे शिक्षणच थांबते. जवळचे कॉलेज पोराला कमी प्रतीचे वाटत असेल. पण पोरीला ते कॉलेज आहे म्हणूनच शिकता येते. आणि पोराच्या पुण्यापायी पोरीची बारावीनंतरची वाट बंद होत असेल, तर तो हिशेब चुकला असे समजावे.

एवढे सांगूनही एखादा मुलगा म्हणेल, 'मला पुण्यालाच जायचं आहे.' जाऊ द्या. तो खरोखर हुशार असेल, शिष्यवृत्ती मिळत असेल, वसतिगृहाची सोय लागत असेल, तर जरूर जाऊ द्या. आगरकरही गेले होते. किंवा त्याला गोखल्यांची वाट दाखवा. पदवी जवळ कर, चांगले गुण मिळव, आणि पुढची पदवी मोठ्या ठिकाणी घे. तेव्हा तू शिष्यवृत्तीचा हक्कदार होऊन जाशील.

शेवटी आपल्याच वऱ्हाडातल्या एका संताची आठवण सांगतो. अमरावतीच्या विद्यापीठाला आज ज्यांचे नाव आहे, ते संत गाडगे बाबा. ते स्वतः शाळेत शिकले नाहीत. पण कीर्तनातून गावोगाव सांगत फिरले की पैसा नसेल तर जेवायचे ताट मोडा, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शिकवा. आणि त्याच कीर्तनात, त्याच तळमळीने ते हेही सांगत की कर्ज काढू नका. बाबांनी ताट मोडायला सांगितले, मंडळी. वावर मोडायला सांगितले नाही. ताट गेले तर हातावर जेवता येते. वावर गेले तर हातावर ठेवायला भाकर कुठून येणार?

तेव्हा यंदा मृगात पोरगं फॉर्म घेऊन उभं राहिलं की घाईनं नाही म्हणू नका आणि घाईनं अंगठाही उठवू नका. गुरुजींना घेऊन बसा. कागद काढा आणि सगळ्या वर्षांचा हिशेब मांडा. मग ठरवा.